परत कुठं जाणार?

दुबईतल्या भारतीय माणसाला फेब्रुवारीत विचारा, "यंदा उन्हाळ्यात कुठं?" तो देशाचं नाव सांगत नाही, अपॉइंटमेंटची तारीख सांगतो. जुलै-ऑगस्टात इथल्या शाळा बंद असतात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो आणि ज्याच्याकडं म्हणून पासपोर्ट आहे त्याला युरोप आठवतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळं अपॉइंटमेंटची शिकार थंडीतच सुरू होते. नियम असा की ज्या देशात मुक्काम सगळ्यांत जास्त, अर्ज त्या देशाकडं. लोक नियम पाळतात, फक्त उलट्या टोकाकडून: ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळाली, मुक्काम त्या देशात. परवापर्यंत ज्यांना स्वित्झर्लंडखेरीज काही दिसत नव्हतं ते एकाएकी रीगाच्या जुन्या इमारतींवर बोलायला लागले, की ओळखावं, लॅटव्हियाचा स्लॉट मिळाला.

आमचे साहेब या भानगडीत नसतात. ते इमिराती. मे २०१५ मध्ये त्यांच्या देशाचा युरोपीय संघाशी करार झाला आणि तेव्हापासून त्यांना शेंगेनचा व्हिसा लागत नाही. ते शुक्रवारी दुपारी निघतात, रविवारी रात्री उतरतात आणि सोमवारी रोममधल्या कॉफीबद्दल तक्रार करतात. "परत याल ना?" असं त्यांना कुणी विचारत नाही. खरं तर रोममध्ये कायमचं राहणं आमच्या अख्ख्या मजल्यात परवडण्यासारखं असेल तर ते त्यांना एकट्यालाच.

आम्हाला जर्मनीलाच जायचं होतं. मेव्हणी श्टुटगार्टजवळ राहते, तिनं नवं घर घेतलंय, वास्तुशांत करायची होती. वास्तुशांतीला लॅटव्हिया चालत नाही.

अर्जात एक रकाना आहे. ज्या देशाचे नागरिक आहात त्याखेरीज दुसऱ्या देशात राहता का? 'हो'वर फुली मारली की पुढं परवान्याचा क्रमांक आणि तो कुठवर चालतो ती तारीख. माझ्या मते पुढच्या सगळ्या तमाशाचं बीज या एवढ्याशा चौकोनात आहे. पुण्यातून अर्ज करणाऱ्यानं पटवायचं असतं की तो घरी परत येईल. घर कुठलं, यावर वाद नसतो. माझ्यासारख्यानं पटवायचं की तो दुबईला परत येईल. आणि दुबई स्वतःच मला दर दोन वर्षांनी विचारते, अजून इथंच का? माझा रहिवास कंपनीच्या जिवावर, बायको-मुलाचा माझ्या जिवावर, आणि कंपनीचं लायसन दरवर्षी नूतनीकरणाच्या जिवावर. नोकरी गेली तर थोडी मुदत मिळते, तेवढ्यात दुसरी धरायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलो तरी रहिवास जातो. अशा जागेबद्दल मी जर्मनीला लिहून द्यायचं की माझी पाळंमुळं इथं घट्ट रुजलेली आहेत. वाळूत.

हे पटलं नाही की नकाराचा छापील कागद मिळतो. त्यावर कारणांची यादी आणि प्रत्येकापुढं चौकोन असतो. त्यातलं आमच्या लोकांत सगळ्यांत गाजलेलं कारण म्हणजे, मुदत संपायच्या आत तुम्ही देश सोडाल याबद्दल रास्त शंका आहे. आणि नव्वद युरो फी (जून २०२४ पर्यंत ऐंशी होती) नकार आला तरी परत मिळत नाही. परत येण्याची हमी फक्त माणसाकडून मागतात.

तर पाळंमुळांचे कागद. घरभाड्याचा नोंदलेला करार, ज्याला इथं इजारी म्हणतात. वीज-पाण्याचं बिल. पूर्वी पासपोर्टाच्या पानावर रहिवासाचा भला मोठा स्टिकर तरी असायचा. २०२२ मध्ये तोही बंद झाला, आता सगळा रहिवास एका प्लास्टिकच्या कार्डात. लग्नाचा दाखला तर आमच्यापेक्षा जास्त हिंडलेला आहे. मुंबईत मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग अमिरातीची वकिलात, मग इथलं परराष्ट्र मंत्रालय. लग्नात अक्षता टाकायला आले नसतील एवढे अधिकारी त्याच्या पाठीवर शिक्के मारून गेलेत.

कंपनीकडून आणायचं पत्र म्हणजे एनओसी. नाव, हुद्दा, पगार, रजेच्या तारखा आणि शेवटी 'अमुक तारखेला कामावर रुजू होतील' हे वाक्य. मायना मोघम चालत नाही. ज्या देशाची वकिलात, पत्र तिच्याच नावानं. त्यामुळं मार्चमध्ये आमच्या एचआरच्या ट्रेमध्ये एकेका माणसाची तीन-तीन देशांना उद्देशून पत्रं पडलेली असतात. जिथला स्लॉट लागेल ते उचलायचं. आमच्या एचआरमधल्या मंगळुरूच्या बाई पत्र टाइप करता करता म्हणाल्या, "रुजू होतील असं लिहिते. पण खाली एक ओळ टाकावी लागते, कंपनी कसलीही जबाबदारी घेत नाही."

"कसली जबाबदारी?"

"तुमची."

त्याच आठवड्यात त्यांच्याच सहीचं 'खर्चकपातीबाबत' असं एक परिपत्रक सगळ्यांना आलं होतं. ते मी फाइलला जोडलं नाही.

पण आखाती माणसाचं खरं घोडं अडतं ते बँकेच्या स्टेटमेंटपाशी. एक तारखेला पगार येतो. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच देऊन ठेवलेले असतात, त्यातला एखादा वटतो. मग रुपयाचा भाव बघून उरलेलं गावी जातं: पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, आईची औषधं, चुलतभावाचं ठिबक सिंचन, कुणाच्या तरी मुलीची ॲडमिशन. पंधरा तारखेला खात्यात जे उरतं ते पाहून जर्मनीच काय, शारजाही आत घेणार नाही. गावाशी माझं नातं किती पक्कं आहे याचा यापेक्षा चोख पुरावा नाही, दर महिन्याला तारीखवार छापून मिळणारा. पण तो चुकीच्या गावाचा पुरावा. फाइलमध्ये मला दुबईशी बांधलेला दाखवायचाय आणि स्टेटमेंट बोंबलून सांगतंय की हा माणूस इथं फक्त झोपायला येतो.

काही लोक मित्राकडून उसने घेऊन खातं फुगवतात. वकिलातीतले अधिकारी दुधखुळे नसतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात येऊन बसलेली गोल रक्कम त्यांना लांबून दिसते.

फोटोला करामा भागात जावं. तिथला मल्याळी फोटोग्राफर तुमच्या हातातली फाइल बघूनच पडदा बदलतो. शेंगेनला पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, अमेरिकेला दोन इंची चौरस. चष्मा काढायचा, चेहरा कोरा ठेवायचा. बायकोला त्यानं तीनदा सांगितलं, "मॅडम, हसना नहीं. शेंगेन है." सुट्टीवर निघालेल्या माणसानं अर्ज करताना सुट्टीवर निघाल्यासारखं दिसू नये, अशी एकूण अपेक्षा असते.

हे सगळं चाललं होतं तेव्हा माझ्या सासूबाई आमच्याकडं आलेल्या होत्या. तासगावच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, घरची द्राक्षबाग स्वतः बघणाऱ्या. रात्री जेवणाचं टेबल आवरून आम्ही फाइल लावायला बसलो की त्या समोर बसायच्या आणि बेदाणे निवडावेत तसे कागद निवडून द्यायच्या. एकदा म्हणाल्या, "एवढं चाललंच आहे तर माझाही इथूनच टाका की भरून. सगळे मिळून जाऊ."

मी समजावलं. अर्ज राहत्या देशातूनच करायचा असतो. नुसता आलेला माणूसही करू शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. आणि सासू-जावयानं एका विमानात बसावं ही कितीही मंगल इच्छा असली तरी त्यांच्या कायद्यात ती सबळ मानलेली नाही. "आई, तुम्ही इथं पाहुण्या आहात," मी म्हटलं. "पाहुण्याला पुढं पाहुणा व्हायचं असेल तर आधी आपल्या घरी जावं लागतं."

"आणि तुम्ही कोण?"

"मी रहिवासी."

"कुठपर्यंत?"

मी कार्डावरची तारीख बघितली. "पुढच्या नोव्हेंबरपर्यंत."

"म्हणजे माझ्यापेक्षा थोडे जास्त दिवस, एवढंच की."

मुख्याध्यापिका होत्या त्या उगीच नाही.

पाहुण्यानं पाहुणा होण्याचा एक सुवर्णकाळ मध्यंतरी येऊन गेला, तो मात्र अमेरिकेच्या बाबतीत. करोनानंतर मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत पर्यटक व्हिसाच्या पहिल्या मुलाखतीला पाचशे दिवसांच्या पुढची वाट पाहावी लागत होती. नातवाच्या बारशाला म्हणून अर्ज करावा तर मुलाखतीच्या तारखेपर्यंत नातू चालायला लागलेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासानंच सुचवलं की परदेशी जाणार असाल तर तिथंही मुलाखत देता येईल, उदाहरणार्थ बँकॉकमध्ये. तिथं तेव्हा दोनेक आठवड्यांत तारीख मिळत होती. झालं. ठाण्या-डोंबिवलीचे आजी-आजोबा बँकॉकला निघाले. सामानात भाजणीची चकली आणि निवृत्तिवेतनाचे कागद. पुणेरी आजोबा थाई खिडकीपुढं उभे राहून अमेरिकन माणसाला पटवून देताहेत की ते भारतात परत जाणार, हा देखावा डोळ्यापुढं आणून बघा. अमेरिकेचा १९५२ चा कायदा, कलम २१४(ब), असं धरूनच चालतो की समोरचा माणूस राहायलाच आलाय; तसं नाही हे त्यानं दाखवायचं. आजोबा बिचारे चंद्रोदयाला संकष्टीचा उपास सोडायला हॉटेलात परतण्याच्या घाईत. त्यांचा बँकॉकमध्येही राहायचा बेत नव्हता, अमेरिका तर दूरच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं सांगितलं की ज्या देशाचे नागरिक आहात किंवा जिथं राहता तिथंच अर्ज करा. बँकॉकचा मार्ग मिटला. आता आमच्या ओळखीतल्या कित्येक ज्येष्ठांकडं थायलंडचे फोटो आहेत आणि तिथं का गेलो होतो हे सांगायला पाच मिनिटं लागतात.

सासूबाईंना शेंगेन म्हणजे काय हेही एकदा सांगितलं. ते मुळात एक गाव आहे, लक्झेंबर्गच्या टोकाला, मोझेल नदीच्या काठी, जिथं फ्रान्स आणि जर्मनी येऊन भिडतात. १४ जून १९८५ ला पाच देशांनी नदीतल्या एका बोटीवर बसून सह्या केल्या, आता एकोणतीस देश त्यात आहेत. आणि गाव कशासाठी ओळखलं जायचं? द्राक्षांसाठी. वाइनचं गाव. इतका वेळ विनम्रपणे ऐकणाऱ्या सासूबाई एकदम पुढं सरकल्या. "कुठली जात लावतात?"

मला जात कुठली ठाऊक.

"थॉम्पसन नसणार," त्याच म्हणाल्या. "त्या थंडीत थॉम्पसन टिकायची नाही. बघून येऊ."

विम्याच्या कागदावर त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. शेंगेनला निदान तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. त्यात आजारपण येतं, इस्पितळ येतं, आणि माणूस गेलाच तर त्याला परत धाडण्याचा खर्चही येतो. परत म्हणजे कुठं? मी एजंटाला फोन लावला. तो फार सज्जन माणूस, हैदराबादचा. म्हणाला, "सर, पॉलिसीमध्ये राहता देश लिहिलाय, म्हणजे दुबई." सासूबाईंनी हे ऐकलं, बोटानं ती ओळ पुन्हा वाचली आणि लेकीला म्हणाल्या, "मग तिथून पुण्याचं तिकीट वेगळं काढावं लागेल गं. त्याचेही बघून ठेव." बायकोनं लिहून घेतलं. मी त्या यादीकडं नंतर पाहिलं नाही.

ठसे द्यायचं केंद्र वाफी मॉलमध्ये. हा मॉल इजिप्तच्या थाटाचा, काचेचे पिरॅमिड आणि दगडी फेरो यांनी भरलेला. आत खुर्च्यांच्या रांगा आणि टोकननंबर. एका बाजूला केरळचं कुटुंब, आजी धरून सहा माणसं. पुढं मनिलाची नर्स. मागं लाहोरचा अकाउंटंट, मांडीवर माझ्याच जाडीची फाइल. भिंतीकडं तोंड करून एक मुलगा फोनवर कुणाला तरी बंगालीत सांगत होता की नाही, तिकीट अजून काढलेलं नाही, नुसतं आरक्षण आहे. या खोलीत इथला असा एकही माणूस नव्हता आणि जो तो इथं परत येण्याची शपथ वाहायला आला होता. सगळ्यांच्या फायली पारदर्शक प्लास्टिकच्या, म्हणजे एकमेकांचे पगार वाचता येतात. लोक वाचतातही.

माझ्या शेजारी अलेक्झांड्रियाचा एक इंजिनिअर होता, पॅरिसला कसल्याशा प्रदर्शनाला पाच दिवस निघालेला. वेळ जात नव्हता म्हणून तो बाहेरच्या पुतळ्यांकडं बोट करून म्हणाला, "आमचा रामसेस दुसराही पॅरिसला जाऊन आलाय, माहितीय?" मला माहीत नव्हतं. रामसेसच्या ममीला बुरशी लागली होती, म्हणून १९७६ च्या सप्टेंबरात तिला विमानानं पॅरिसला उपचारासाठी नेलं. उतरल्यावर फ्रान्सनं राजाला साजेशी लष्करी सलामी दिली.

"आणि परत कधी आला?"

"पुढच्या वर्षी मेमध्ये."

मी बोटं मोजली. एकशेऐंशी दिवसांत नव्वद, हा आजचा नियम. तेव्हा शेंगेन जन्मलं नव्हतं म्हणून निभावलं.

"तीन हजार वर्षांपूर्वी मेलेला माणूस," इंजिनिअर म्हणाला, "तोही ठरल्यापेक्षा जास्त राहिला असता. मग माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" एवढ्यात त्याचा नंबर आला. त्यानं टाय नीट केला, फाइल काखेत मारली आणि खिडकीपुढं जाऊन अगदी सरळ उभा राहिला, बाहेरच्या पुतळ्यासारखा नव्हे, दहावीच्या तोंडी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तर नव्हेच. एखादा गृहस्थ आपल्या पगाराच्या दाखल्यावर उभा राहतो तसा.

सासूबाई दरम्यान तासगावला परतल्या आणि त्यांनी आपला अर्ज पुण्यातून केला. त्यांची फाइल मला व्हॉट्सॲपवर आली ती बघून मी थोडा वेळ गप्प बसलो. पेन्शनचा कागद. सातबारा, इंग्रजी भाषांतरासह. घरपट्टीची पावती. मुदतठेवी. आणि स्वतःच्या हातानं, मुख्याध्यापिकेच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं अर्धं पान. त्याचा आशय एवढाच, की ऑक्टोबरात बागेची फळछाटणी असते, त्या वेळी मी शेतावर नसेन तर वर्षाचं पीक जाईल, सबब मी ऑगस्टअखेर परत येईन. ना कसली एनओसी, ना रुजू होण्याची तारीख. सगळ्या दुबईत मी असं एक कारण शोधलं असतं तर सापडलं नसतं. आमच्यावाचून इथं काय सुकणार आहे?

आमचे व्हिसे आले. एकदाच आत जाता येईल असे, वास्तुशांतीच्या तारखा आणि वर थोडे सुटे दिवस. मी खूश होतो. कार्यालयात पेढेही वाटले. साहेबांनी कुतूहलानं एक उचलला आणि विचारलं, कशाचे? सांगितलं तरी त्यांना नीट कळलं नाही.

मग तासगावहून फोन आला. सासूबाईंना दोन वर्षांचा, हवं तितक्या वेळा जाता-येता येईल असा व्हिसा मिळाला होता. यामागं एप्रिल २०२४ चा युरोपीय आयोगाचा निर्णय होता. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील तर भारतीय नागरिकाला पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो. सासूबाई जर्मनीतल्या लेकीच्या दोन बाळंतपणांना दोनदा जाऊन वेळेत परतल्या होत्या. अट एकच, तो भारतीय भारतात राहणारा हवा.

"तुमचं किती दिवसांचं आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"वास्तुशांतीपुरतंच होय." त्यांच्या आवाजात कणव होती आणि ती लपवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. "असू दे. मी असं करते, मी तिकडं थोडी जास्त थांबते, ते द्राक्षाचं गाव बघते आणि येताना चार दिवस तुमच्याकडं उतरते. तेवढा तुमच्या दुबईचा व्हिसा काढून ठेवा. फोटो कसला लागतो? हसलेला चालतो का?"

"चालेल बहुतेक. विचारतो."

"आणि परत जाणार का म्हणून त्यांनी विचारलं तर सांगा, ऑक्टोबरला छाटणी आहे."